अनेकांसाठी एकवचन : प्रसिद्ध व्यक्ती व चाहते यांच्यामधील संवादसाधनांची भाषिक समीक्षा

१. विषयप्रवेश

एखादे साधन चांगले की वाईट हे ठरविताना ते किती वेगाने चालते, किती लोकांपर्यंत पोचते आणि वापरावयास किती सोपे आहे, एवढेच पाहण्याची रीत आहे. भाषेच्या अभ्यासकाला याखेरीज आणखी एक प्रश्न विचारता येतो. तो असा की, हे साधन ज्याच्या हाती दिले जाते त्याला ते कोणत्या प्रकारची वाक्ये बोलावयास लावते? लेखणीने पत्र घडविले, ध्वनिक्षेपकाने सभेतील भाषण बदलले, आणि नभोवाणीने ‘श्रोतेहो’ या संबोधनाला घराघरांत नेले. त्याचप्रमाणे गेल्या वीस वर्षांत समाजमाध्यमांनी प्रसिद्ध व्यक्ती आणि तिचे चाहते यांच्यामध्ये बोलण्याची एक नवी तऱ्हा रूढ केली आहे. नट, गायक, खेळाडू, लेखक व पुढारी यांनी लोकांशी ‘संपर्कात’ राहावे यासाठी खास साधने घडविली जातात. त्यांची चर्चा व्यापाराच्या आणि तंत्राच्या अंगाने पुष्कळ होते. व्याकरणाच्या अंगाने ती फारशी होत नाही. ती करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतिपाद्य मुद्दा प्रथमच सांगून टाकतो. या साधनांचा मुख्य दोष ती उथळ आहेत किंवा वेळखाऊ आहेत हा नाही. अनेकांना उद्देशून केलेले बोलणे ती एकाला उद्देशून केल्याचे भासवितात. म्हणजे अनेकवचनाला एकवचनाचा वेष देतात. हा वेष देण्याचे काम बोलणारी व्यक्ती करीत नाही. ते साधनाच्या रचनेतच योजलेले असते. म्हणून त्याची जबाबदारीही प्रथम रचनाकारावर येते.

२. श्रोत्याचे नाव

संवादाच्या कोणत्याही प्रकारात श्रोत्याला कोणत्या नावाने ओळखले जाते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मराठीत या संबंधासाठी निदान तीन शब्द आहेत : रसिक, चाहता आणि अनुयायी. ‘रसिक’ या शब्दात आस्वाद आहे, आणि आस्वादाबरोबर नापसंतीचा अधिकारही आहे. गाणे बेसूर झाले तर रसिक ते सांगू शकतो. किंबहुना सांगतो म्हणूनच तो रसिक. ‘चाहता’ हे ‘चाहणे’ या धातूपासून झालेले कृदन्त आहे. त्यात प्रेम आहे, पण त्या प्रेमाला काही पारख असलीच पाहिजे असे बंधन नाही. ‘अनुयायी’ म्हणजे मागून जाणारा. हा शब्द आपण पंथाच्या, संप्रदायाच्या किंवा चळवळीच्या संदर्भात वापरीत आलो. एखाद्या फलंदाजाचा किंवा विनोदी नटाचा ‘अनुयायी’ ही कल्पना पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी वाचकाला चमत्कारिक वाटली असती.

समाजमाध्यमांनी या तिहींना एकाच रकान्यात बसविले. या नामकरणाचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. फेसबुकने प्रसिद्ध व्यक्ती व संस्था यांच्यासाठी स्वतंत्र पृष्ठे २००७ साली सुरू केली. त्या पृष्ठांवर आरंभी आपण अमक्याचे चाहते होत असल्याचे नोंदवावे लागे. एप्रिल २०१० मध्ये ती शब्दयोजना काढून तिच्या जागी ‘लाइक’ आले. पुढे व्यक्तींच्या बाबतीत २०११ साली वर्गणीदार होण्याची सोय झाली आणि २०१२ च्या अखेरीस तिचेच नाव ‘फॉलो’ असे ठेवण्यात आले. ट्विटरवर निवडक मजकुराला तारा देण्याची पद्धत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये ताऱ्याऐवजी हृदयाची आकृती आली.

हे बदल किरकोळ वाटतील, परंतु त्यांचा व्याकरणार्थ सारखाच आहे. ‘चाहता होणे’ ही स्वतःविषयीची विधानरूप कबुली होती. ती करताना माणूस क्षणभर थांबत असे. ‘आवडणे’ ही एक क्रिया झाली, आणि ती बोटाच्या एका स्पर्शाने उरकू लागली. तारा हा खुणेचा, राखून ठेवण्याचा संकेत होता. हृदय हा भावनेचा संकेत आहे. म्हणजे आस्वादकाला उपलब्ध असलेल्या शब्दांची संख्या कमी कमी होत गेली आणि उरलेल्या शब्दांचा पारा मात्र चढत गेला. रसिकाला ‘दुसरा अंक सैल वाटला’ असे म्हणावयाचे असेल तर त्याच्यासाठी तयार खूण नाही. त्याला स्वतः लिहावे लागते, आणि त्याचे ते वाक्य हजारो हृदयांच्या खाली कोठेतरी जाऊन पडते. साधन रसिकाला बंदी करीत नाही. ते त्याला ऐकू येईनासे करते.

३. वचनाचा प्रश्न

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दूरस्थ जवळिकीचा हा प्रश्न समाजमाध्यमांनी प्रथम निर्माण केला असे नाही. १९५६ साली डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन संशोधकांनी ‘सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील निवेदकांशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी, पण प्रत्यक्ष ओळखीसारखे भासणारे नाते जडते, त्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ असे नाव दिले. आपण त्याला ‘आभासी सख्य’ म्हणू. १९५१ च्या सुमाराच्या एका नभोवाणी कार्यक्रमाचे उदाहरण त्यांनी घेतले आहे. त्यात एकाकी तरुणीच्या भूमिकेतील निवेदिका अज्ञात श्रोत्याशी जणू तो एकटाच तिच्यासमोर बसला आहे अशा रीतीने लाडिकपणे बोलत असे. तेथेही एकवचन होते आणि ऐकणारे असंख्य होते. मात्र त्या श्रोत्याला आपले नाव तिला ठाऊक नाही हे पक्के माहीत असे. नावाचा अभाव हीच त्या भ्रमाची मर्यादा होती.

ती मर्यादा आजच्या साधनांनी ओलांडली आहे. दक्षिण कोरियातील लोकप्रिय गायकगटांसाठी २०२० साली सुरू झालेली ‘बबल’ ही सेवा याचे स्पष्ट उदाहरण होय. चाहता दरमहा वर्गणी भरून आपल्या आवडत्या कलावंताची ‘खाजगी’ संदेशखिडकी मिळवितो. कलावंत एक संदेश लिहितो. तो सर्व वर्गणीदारांना जातो. पण प्रत्येकाच्या पडद्यावर तो दोघांतील गप्पांसारखा दिसतो. इतर वर्गणीदारांची उत्तरे चाहत्याला दिसत नाहीत. कलावंताला मात्र सर्वांची उत्तरे एकत्र, ओघाने वाहताना दिसतात. याहून महत्त्वाची सोय अशी की, कलावंताने संदेशात एक ठरावीक खूण टंकली की तिच्या जागी प्रत्येक चाहत्याला त्याने स्वतः नोंदविलेले नाव दिसते. म्हणजे एकच वाक्य हजारो ठिकाणी हजारो नावांनी हाक मारते.

ही योजना भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार बोलकी आहे. द्वितीय पुरुषी सर्वनाम पुष्कळ भाषांत वचनाच्या बाबतीत संदिग्ध असते. इंग्रजीतील सर्वनाम एकालाही चालते व अनेकांनाही. मराठीतील ‘तुम्ही’ हेही तसेच : ते अनेकवचन आहे आणि आदरार्थी एकवचनही आहे. त्यामुळे ‘तुम्ही आलात, बरे वाटले’ हे वाक्य सभेपुढेही खरे ठरते आणि घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यापुढेही. अशा वाक्याने कोणाची फसवणूक होत नाही. संदिग्धता भाषेचीच आहे आणि ती ऐकणाऱ्याला परिचित आहे. परंतु वाक्याला नाव जोडले की संदिग्धता संपते. ‘स्मिता, तुम्ही आलात’ असे म्हटले की वचन निश्चित झाले. संबोधन हे वाक्याच्या रचनेत इतर पदांशी फारसे बांधलेले नसते हे खरे. पण वाक्य कोणासाठी आहे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडेच असतो. ‘बबल’मधील ती खूण नेमका हाच अधिकार यंत्राकडे सोपविते. कलावंताने अनेकवचनी वाक्य लिहिले. यंत्राने त्याला एकवचनी संबोधन चिकटविले. आणि चाहत्याच्या हाती जे वाक्य पडले ते कोणीच उच्चारलेले नव्हते.

भाषा अशा योजनेला निमूट वश होत नाही, हेही नमूद केले पाहिजे. कोरियन भाषेत सलगीने हाक मारताना नावाला संबोधनाचा प्रत्यय लागतो. नाव व्यंजनान्त असेल तर एक, स्वरान्त असेल तर दुसरा. सर्व नावांसाठी एकच खूण टंकणाऱ्याने कोणताही एक प्रत्यय निवडला तरी तो काही नावांना लागू पडेल आणि काहींना विसंगत ठरेल. मराठीत अशी सेवा कोणी आणली तर अडचण याहून मोठी होईल. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? ‘कसा आहेस’ की ‘कशी आहेस’? येथे लिंग ठाऊक असल्यावाचून सलगीचे वाक्य पुरे होत नाही. ‘तुम्ही आलात’ यात लिंगभेद दिसत नाही, म्हणून यंत्राचा कल ‘तुम्ही’कडे जाईल; पण ‘तुम्ही कसे आहात’ म्हणताच तो भेद पुन्हा उभा राहतो. शिवाय मराठी माणूस नुसते नाव घेऊन क्वचितच बोलतो. नावामागून ताई, दादा, काका, राव, सर असे काही येते, आणि त्या शब्दाची निवड वय, ओळख, गाव आणि मान यांवर अवलंबून असते. साचा नाव भरू शकतो. नाते भरू शकत नाही. ते भरू लागला तर त्यातील खोटेपणा कानाला लगेच जाणवतो, आणि तसा तो जाणवावा हेच बरे.

येथे रॉजर ब्राउन आणि अ‍ॅल्बर्ट गिलमन यांच्या १९६० सालच्या प्रसिद्ध निबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. युरोपीय भाषांतील सलगीचे व आदराचे द्वितीय पुरुषी सर्वनाम यांची निवड सत्ता आणि सख्य या दोन अक्षांवर होते, असे त्यांनी दाखविले. सख्याचे ‘तू’ परस्पर असते, सत्तेचे ‘तू’ एकतर्फी असते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. प्रस्तुत साधनांत सलगीचे ‘तू’ वरून खाली जाते आणि खालून वर जाणारे ‘तू’ एकेकटे पोचत नाही. त्याची गर्दी होते. तेव्हा वरपांगी सख्याचे दिसणारे हे सर्वनाम रचनेच्या दृष्टीने सत्तेचेच ठरते. ‘बबल’मध्ये कलावंताच्या एका संदेशास चाहत्याने किती उत्तरे पाठवावीत याला मर्यादा आहे, आणि त्याच्या उत्तराची अक्षरमर्यादा वर्गणीचे दिवस वाढतील तशी वाढत जाते. सख्यात बोलण्याची लांबी अशी मोजून मिळत नाही.

४. कर्त्याचा प्रश्न

वचनानंतर कर्ता. ‘मी’ कोण, हा प्रश्न प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत पूर्वीपासून आहे. भाषणे दुसऱ्याने लिहून दिलेली असतात, आत्मचरित्रे सांगितली एकाने आणि लिहिली दुसऱ्याने अशी असतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ च्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या ग्रंथात ‘बोलणारा’ या एका कल्पनेचे तीन भाग पाडले. शब्द तोंडातून काढणारा उच्चारक, शब्दांची जुळणी करणारा रचनाकार, आणि त्या शब्दांनी बांधला जाणारा उत्तरदायी. नित्याच्या संभाषणात हे तिघे एकाच देहात राहतात. सार्वजनिक जीवनात ते वेगळे होतात.

समाजमाध्यमांनी प्रथम सोडविला तो उत्तरदायित्वाचा प्रश्न. २००९ साली अमेरिकेतील बेसबॉल प्रशिक्षक टोनी ला रूसा यांनी आपल्या नावाचे बनावट खाते चालू राहिल्याबद्दल ट्विटरवर दावा लावला. त्याच वर्षी ट्विटरने प्रमाणित खात्यांची पद्धत सुरू केली. नावापुढील ती खूण म्हणजे एक विधान होते : या खात्यावरील शब्दांस ही व्यक्ती उत्तरदायी आहे. ती खूण ते शब्द त्या व्यक्तीनेच रचले आहेत असे सांगत नव्हती, आणि तसे सांगण्याची आवश्यकताही नव्हती. २०२२ च्या अखेरीस ट्विटरने ही खूण मासिक शुल्क देणाऱ्या कोणालाही मिळेल अशी व्यवस्था केली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पद्धतीच्या खुणा काढून टाकल्या. चिन्ह तेच राहिले, अर्थ पालटला. अर्थपरिवर्तनाची पुष्कळ उदाहरणे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. पण ज्या अर्थपरिवर्तनाचा दिवस नोंदविता येतो आणि ज्याची कारणे एका कंपनीच्या निर्णयात सापडतात, अशी उदाहरणे विरळा.

पुढची पायरी उच्चारक आणि रचनाकार या दोघांनाही वगळण्याची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मेटा या कंपनीने काही यांत्रिक संभाषणपात्रे आणली. त्यांतील काहींना प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे दिलेले होते, पण नावे निराळी होती. केंडल जेनर या अमेरिकन मॉडेलचा चेहरा असलेले पात्र ‘बिली’ या नावाने थोरल्या बहिणीसारखे सल्ले देई. चेहरा एकीचा, नाव दुसरीचे, वाक्ये यंत्राची; आणि नाते मात्र ‘ताई’चे! ही पात्रे २०२४ च्या मध्यास बंद करण्यात आली. त्याच सुमारास, जुलै २०२४ मध्ये, त्याच कंपनीने अमेरिकेत निराळी सोय दिली. तीत इन्स्टाग्रामवरील लोकप्रिय व्यक्तीला आपलाच एक यांत्रिक प्रतिनिधी घडविता येतो. चाहत्यांच्या नेहमीच्या प्रश्नांना तो खाजगी संदेशांतून उत्तर देतो, आणि ती उत्तरे यंत्राची आहेत अशी चिठ्ठी त्यांवर असते.

ही चिठ्ठी असणे हे चिठ्ठी नसण्यापेक्षा निःसंशय चांगले. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. चिठ्ठी वाक्याच्या बाहेर असते. वाक्याच्या आत ‘मी’ तसाच असतो. वाचणारा वाक्य वाचतो, त्याच्या चौकटीवरील लेख वाचतोच असे नाही. मराठीत हा ‘मी’ आणखी अडचणीत येईल, कारण आपली क्रियापदे प्रथम पुरुषातही लिंग सांगतात. ‘मी काल पुण्यास गेले होते’ असे यंत्राने म्हटले की त्याने स्वतःला नुसता कर्ता केले असे नाही. त्याने देह घेतला, कालची सायंकाळ घेतली, प्रवास घेतला. अशा वाक्याला उत्तरदायी कोण? ती गायिका पुण्यास गेली नसेल तर खोटे कोण बोलले? व्याकरणाने उभा केलेला हा प्रश्न कायद्याच्या आणि नीतीच्याही दारी जाऊन पोचतो.

यावर उपाय भाषेतच आहे. कचेरीतील पत्रव्यवहारात ‘अमुक यांच्या वतीने’ अशी सही करण्याची रूढी आहे. नाटक कंपनीचा व्यवस्थापक पत्रे लिही तेव्हा तो नटाचा ‘मी’ घेत नसे. तो ‘आम्ही’ म्हणे किंवा नटाचा तृतीय पुरुषी उल्लेख करी. साधनाने सहायकासाठी, मग तो माणूस असो वा यंत्र, तृतीय पुरुषी साचा द्यावा : ‘बाईंच्या वतीने कळवितो की...’. त्यात जवळीक थोडी कमी होईल. पण जी उरेल ती खरी असेल. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतील मौल्यवान भेदही येथे उपयोगी पडतो. संघ सामना जिंकतो तेव्हा त्याच्या खात्यावरून ‘आम्ही जिंकलो’ असे येते की ‘आपण जिंकलो’ असे येते, यावर चाहता विजयात सामील आहे की त्याचा साक्षी आहे हे ठरते. इंग्रजीतून यांत्रिक भाषान्तर करणाऱ्या साधनाला ही निवड दिसतच नाही, कारण मूळ सर्वनामात ती नाही.

५. प्रत्युत्तराचे स्थान

तिसरा प्रश्न ऐकण्याचा. जुलै २०१४ मध्ये फेसबुकने ‘मेन्शन्स’ नावाचे ॲप काढले. ते केवळ प्रमाणित प्रसिद्ध व्यक्तींसाठी होते. आपल्याविषयी लोक काय बोलत आहेत हे त्यांना एके ठिकाणी दिसावे, त्या बोलण्यात भाग घेता यावा, असा त्याचा उद्देश. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यातूनच थेट प्रक्षेपणाची सोय प्रथम मिळाली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची जागा ‘क्रिएटर’ या व्यापक ॲपने घेतली. या साधनाचे एक श्रेय दिले पाहिजे. प्रसिद्ध व्यक्तीला त्याने वक्ता मानण्यापूर्वी श्रोता मानले.

तथापि त्यातही एक सूक्ष्म अडचण होती. एखाद्याचा ‘उल्लेख’ करणे हा तृतीय पुरुषाचा व्यवहार आहे. दोन मित्र एका चित्रपटाविषयी बोलतात तेव्हा नटाला ते ‘तो’ म्हणतात, आणि त्या ‘तो’मध्ये टीकेचे स्वातंत्र्य असते. तो नट एकाएकी त्या संभाषणात अवतरला की ‘तो’चा ‘तुम्ही’ होतो. मित्र बहुधा आनंदतात. पण बोलण्याचा विषय असलेली व्यक्ती समोर उभी राहिली म्हणजे दुसरा अंक सैल होता हे कोण सांगणार? समीक्षेला तृतीय पुरुषाची गरज असते. उल्लेखाचे आमंत्रणात रूपान्तर करणारे साधन रसिकाला चाहता करते, त्याच्या नकळत.

याउलट एक सरळ नमुना जुन्या पद्धतीच्या चर्चापीठांनी दाखविला. ऑगस्ट २०१२ मध्ये तत्कालीन अमेरिकन अध्यक्ष बराक ओबामा यांनी रेडिट या संकेतस्थळावर लोकांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे दिली. प्रश्न हजारोंनी आले. उत्तरे मोजक्यांनाच मिळाली. पण कोणाचा प्रश्न घेतला, कोणाचा राहिला, हे सर्वांना दिसत होते. प्रश्न एकाचा होता, उत्तर त्या एकाला होते, आणि ते सर्वांनी वाचावे हे उघड होते. येथे एकवचन खरे एकवचन होते आणि भोवतालचे अनेकवचन लपविलेले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इन्स्टाग्रामने आणलेल्या व त्याच वर्षी सप्टेंबरात भारतात आलेल्या व्हॉट्सॲपच्या ‘चॅनेल्स’चा प्रकार याच्या दुसऱ्या टोकास आहे. तेथे एक बोलतो. बाकीचे मुख्यतः खुणांनी प्रतिसाद देतात किंवा मत नोंदवितात. हा एकतर्फी व्यवहार आहे हे खरे. पण तो तसा आहे हे नावातच कबूल केलेले आहे. व्हॉट्सॲपच्या रचनेत तर एका अनुयायाचा दूरध्वनी क्रमांक इतर अनुयायांना दिसत नाही, हा गुणच म्हणावा लागेल. एकतर्फी असणे हा दोष नव्हे. वृत्तपत्र एकतर्फी आहे, प्रवचन एकतर्फी आहे. दुतर्फीचा बहाणा करणे हा दोष.

६. दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की, प्रसिद्ध व्यक्तीने प्रत्येकाला उत्तर देणे अशक्य आहे. तेव्हा युक्तीवाचून गत्यंतर नाही. अशक्यता मान्य आहे, आणि ती मोजूनही दाखविता येते. एक लाख संदेशांना प्रत्येकी केवळ दहा सेकंद दिले तरी दहा लाख सेकंद होतात. म्हणजे सुमारे २७८ तास. रोज आठ तास दुसरे काहीही न करता उत्तरे देत बसले तर जवळजवळ पस्तीस दिवस लागतील, आणि तोवर नवे संदेश साचलेले असतील. पण या हिशेबातून निष्कर्ष निघतो तो निवडीचा, सोंगाचा नव्हे. साधनाने निवड करण्यास साहाय्य करावे : एकच प्रश्न किती जणांनी विचारला आहे हे दाखवावे, न विचारला गेलेला वेगळा प्रश्न वर आणावा, टीकेला प्रशंसेखाली गाडू नये, आणि मग जे उत्तर दिले जाईल ते सर्वांसमक्ष द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक साहित्यिक आहे. एकाला उद्देशून अनेकांशी बोलणे हा तर वाङ्मयाचा जुनाच मार्ग नव्हे काय? साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ पुतणीला लिहिलेली आहेत, आणि ती महाराष्ट्रातील कितीतरी मुलामुलींनी आपलीच मानून वाचली. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांच्या अवधानाची विनवणी आहे, आणि ते श्रोते सातशे वर्षे वाढतच आहेत. हा आक्षेप विचारार्ह आहे, पण त्यातील दोन्ही उदाहरणे आमच्या म्हणण्यालाच बळ देतात. ‘सुंदर पत्रां’तील एकवचनाला खरी धनीण आहे. दुसरे वाचक ती पत्रे ऐकतात ते शेजारून, आणि आपण शेजारी आहोत हे त्यांना माहीत असते; ती जाणीवच त्या वाचनातला गोडवा आहे. कोणत्याही प्रतीवर मूळ नाव खोडून वाचकाचे नाव छापलेले नव्हते. ज्ञानेश्वरीतील संबोधन तर उघडच सभेला आहे. मराठी रंगभूमीवर प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणण्याची जी रूढी बालगंधर्वांच्या नावाशी निगडित आहे, तीतही अतिशयोक्ती आहे, लीनता आहे, थोडा नाटकीपणाही आहे. परंतु ते संबोधन भरलेल्या नाट्यगृहाला आहे हे शेवटच्या रांगेतील माणसालाही कळत असे. अलंकार आणि फसवणूक यांतील सीमा येथे आहे. अलंकारात दोन्ही पक्षांना संकेत ठाऊक असतो.

आपल्या भाषेने तर उघड अनेकवचनी हाकेसाठी स्वतंत्र रूपे राखून ठेवली आहेत : ‘मुलांनो’, ‘मित्रांनो’, ‘रसिकहो’, ‘सज्जनहो’. इंग्रजीत नुसत्या सर्वनामाने जे संदिग्ध राहते ते मराठीत एका अक्षराने स्पष्ट होते. ही रूपे थंड आहेत असे कोणी म्हणणार नाही. ‘रसिकहो’ या हाकेत शेजारच्या खुर्चीवरील माणसाचीही जाणीव आहे. मी एकटा नाही, माझ्यासारखे आणखी आहेत, ही जाणीव. खाजगी खिडकीचे सोंग चाहत्याकडून नेमकी हीच जाणीव काढून घेते. जो आधीच एकाकी आहे त्याला ते आणखी एकटे करते, आणि त्याचे मूल्य दरमहा आकारते. या प्रश्नात खरोखर पणाला काय लागले आहे ते येथे दिसते.

७. कसोट्या

वरील विवेचनावरून अशा कोणत्याही साधनाच्या परीक्षणासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वचनाची : अनेकांना पाठविलेले वाक्य ज्याच्या हाती पडते त्याला ते अनेकांसाठी आहे हे वाक्यावरूनच कळते काय? नाव आपोआप भरणारी योजना या कसोटीस उतरत नाही. दुसरी, कर्त्याची : ‘मी’ म्हणणारा त्या शब्दांस उत्तरदायी आहे काय, आणि तो नसेल तर वाक्याचा पुरुष बदललेला आहे काय? तिसरी, प्रत्युत्तराची : ऐकणाऱ्याला प्रशंसेखेरीज दुसरे काही म्हणण्यास तितकीच जागा आहे काय, आणि त्याचे म्हणणे कोठवर पोचते हे त्याला प्रामाणिकपणे सांगितले जाते काय?

या कसोट्या लावण्याचे काम तंत्रज्ञांवर सोपवून भाषाविभागांनी स्वस्थ बसू नये. अशा साधनांतील कळींवरची, सूचनांची आणि तयार उत्तरांची वाक्ये मराठीत येतात ती बहुतेक भाषान्तराने. सर्वनाम, लिंग, आदर व संबोधन यांची निवड तेथे घाईने होते आणि मग कोट्यवधी वेळा पुनरावृत्त होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेका साधनातील मराठी वाक्ये जमवून त्यांत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांची वाटणी कशी आहे, हाक कोणाला आहे, आणि ‘मी’ कोणाचा आहे, याची नोंद केली तर प्रबंधास पुरेल इतकी सामग्री सहज हाती येईल. त्या सामग्रीच्या आधारे साधने घडविणाऱ्यांना चार शब्द सांगता येतील. आणि मराठीच्या द्वितीय पुरुषाचा विचार दादोबा पांडुरंग व मोरो केशव दामले यांनी जेथवर आणून ठेवला, तेथून तो पुढे नेता येईल.